साक्षीदार जगायला हवेत

या, इकडे जवळ बसा. तिकडे दाराशी नको, मला ओरडून बोलावं लागतं. आणि तो फोन जरा पालथा घाला. मला पक्कं ठाऊक आहे, आता विषय निघाला की तुम्हाला एकदम कुणाचा तरी महत्त्वाचा निरोप बघायचा असणार. आयुष्यभर हेच पाहत आले मी. माणसं गुडघ्यांवर बोलतील, सुनेवर बोलतील, पेठेतल्या पार्किंगवर तर तासभर बोलतील. पण "तुमच्या माघारी या घराचं काय करायचं ठरवलंय?" एवढं विचारलं की लगेच कुकर बंद करायला उठतात. कुकर लावलेला नसला तरी! तुमचीही साठी उलटली ना? केलंत का इच्छापत्र? "करायचंय हो." हो, करायचंय. माळ्यावरची ट्रंकही आवरायचीच आहे तुम्हाला, वीस वर्षं झाली.

रागावू नका. रागावण्याचा हक्क मला आहे, कारण हेच माझं काम होतं. लोकांना मरणानंतरचं विचारायचं आणि तरीही पुढच्या वेळी त्यांनी दार उघडावं, अशा बेतानं विचारायचं.

आमच्या संस्थेचं ऑफिस सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली लोक नंबर लावून खोकत बसायचे, वर आम्ही. संस्थेचं काम मात्र खडकवासल्याच्याही वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावांमध्ये. कुठे विहिरीतला गाळ काढायचा, कुठे बालवाडी, कुठे बायकांच्या गटाची भाताची गिरणी. मी तिथं लागले ती पाकिटांवर पत्ते लिहायला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, तेही गणितानं दारात अडवलं. अक्षर तेवढं बरं होतं.

एकदा एक वृद्ध गृहस्थ जिना चढून आले, धापा टाकत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मला मूलबाळ नाही. जे आहे ते तुमच्या गावांना द्यायचंय. काय करावं लागतं?" ऑफिसातली शिकलेली मंडळी एकदम पंख्याकडे बघायला लागली. मी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं, मग चहा ठेवला आणि नुसतं ऐकलं. दोन तास ते बोलले. त्यातलं इच्छापत्राचं दहा मिनिटं असेल, बाकी सगळं बायकोचं. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी याच बाईंना सांगा." झालं! तेव्हापासून ते टेबल माझं. ऑफिसातले त्याला 'चित्रगुप्ताचं टेबल' म्हणायचे. म्हणोत बापडे.

कायदा मी शिकले आमच्या वकील मेधाताईंकडून. म्हणजे त्यांनी शिकवला नाही, मी शिकले. त्यांचे मसुदे हातानं उतरवून काढायचे आणि अडलं की विचारायचं. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, बुद्धीनं पन्नास वर्षांनी मोठ्या, आणि जीभ अशी की समोरच्याला कापलं गेल्याचं घरी गेल्यावर कळावं.

तुम्हाला सांगते, प्रकरण अगदी साधं असतं. कोरा कागद चालतो, स्टँपपेपर लागत नाही. शुद्धीत आणि स्वखुशीनं लिहायचं, कोणाला काय ते स्पष्ट लिहायचं, सही करायची. आणि ती सही करताना बघायला दोन साक्षीदार, त्यांच्याही सह्या. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली तर उत्तम, नोंदणी केली तर आणखी उत्तम. बस्स. घराला रंग काढायला याहून जास्त कटकट असते. पण रंग काढताना कुणाला छातीत धडधडत नाही ना!

आमचे काही नियम होते. पहिल्या भेटीत विषय काढायचा नाही, नुसता चहा प्यायचा. आजारी माणसाच्या उशाशी बसून मागायचं नाही, ते पाप. पोटच्या पोरांना उघड्यावर टाकून आम्हाला द्या, असं म्हणायचं नाही. आणि संस्थेच्या माणसानं साक्षीदार व्हायचं नाही, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की यांनीच लिहवून घेतलं आणि यांनीच सह्या केल्या. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, त्याच्यावरून पुढे माझी फजिती झाली.

मागायची कशी? मी एवढंच म्हणायची, "अहो, सकाळी उठून जो पहिला चहा टाकता ना, त्याचं पाणी ज्या डोंगरांवरून येतं तिथल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरतात. तुमच्या घरातल्या चार वस्तूंतली एक त्यांच्याकडे गेली तर?" काही जण हेलावायचे. काही जण म्हणायचे, "पाणीपट्टी भरतो आम्ही." पुणंच ते.

ऑफिसच्या मागच्या बोळात एक जोशीबाई राहायच्या. निवृत्त मुख्याध्यापिका. दाराची साखळी न काढता फटीतून त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी अजून मेलेली नाही. मेले की कळवीन." आणि दार बंद. मी जिना उतरते आहे तोच वरून आवाज, "उद्या चारला या. साडेचारला मी फिरायला जाते."

तर या बाईंनी काय द्यावं? भांडी. घराण्यातली मोठमोठी तांब्याची पातेली, झारे, परातींची चळत. एका गावाच्या नावानं, लग्नकार्यात सगळ्यांनी वापरायला. आणि इच्छापत्रात अट घातली: 'भांडी घासून, पुसून, पालथी घालून परत ठेवावीत. न घासता परत करणाऱ्यास पुढील कार्यास देऊ नयेत.' मेधाताई म्हणाल्या, "या अटीची अंमलबजावणी कोण करणार?" जोशीबाई म्हणाल्या, "मी वरून बघीन." आज त्या गावात ती भांडी आहेत, आणि गावातल्या बायका अजून ती चिंचेनं लख्ख करून, पालथी घालून ठेवतात. बाईंना एकीनंही कधी पाहिलेलं नाही, पण धाक आहे.

एक तरुणही आला होता. चंद्रपूरकडचा, आयटीत कामाला, वारज्यात फ्लॅट. त्याचे आईवडील गेलेले. म्हणाला, "काकू, मी सगळीकडे नॉमिनी टाकलाय ना, मग विल कशाला? आणि ऑनलाइन फॉर्म नाहीये का? लिंक शेअर करा, मी भरतो." मी म्हटलं, "बाळा, नॉमिनी म्हणजे तुझी बॅग गाडीत सांभाळून धरणारा माणूस. बॅग त्याची होत नाही. ज्याची आहे त्याला त्यानं ती द्यायची असते. आणि बॅग कोणाची, हे कुठंतरी लिहायला नको का?" तो म्हणाला, "ओके, हे कुणी असं एक्सप्लेनच केलं नव्हतं." केलं त्यानं इच्छापत्र, थोडा भाग चंद्रपूरकडच्याच एका गावच्या वाचनालयाला ठेवला. आमच्या गावांना काही नाही. मी म्हटलं, हरकत नाही, तिकडचंही पाणी पाणीच.

आता फजितीकडे येते. ती सांगितल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, आणि सोडूही नये.

मी स्वतः राहते ती इथं वारज्यालाच. आमच्या सोसायटीपलीकडच्या बागेत सकाळी पाच म्हाताऱ्यांचा कट्टा भरायचा. हसायचं, चहा प्यायचा, सरकारला शिव्या द्यायच्या. त्यांतले तात्या निवंगुणे म्हणजे कारखान्यातले निवृत्त टर्नर. मूळचे धरणाच्या वरच्या एका गावचे. बायको गेलेली, मूल नाही. गावठाणात वाटणीला आलेलं त्यांचं घर, पुढे मोठं अंगण, आणि अंगणातून धरणाचं पाणी दिसतं. ते घर त्यांनी हयातीतच आमच्या बायकांच्या गटाला भाताची गिरणी चालवायला नुसतं वापरायला दिलं होतं. गटाची प्रमुख सुमन. अंगानं काटकुळी, पण पोत्याला हात घातला की पोतं गुमान उठायचं. गिरणी नव्हती तेव्हा या बायका डोक्यावर भात घेऊन दोन डोंगर ओलांडायच्या. आता त्यांचा तांदूळ भरडून, पाखडून पिशव्यांतून पुण्यात विकायला यायचा.

तात्या एक दिवस म्हणाले, "ताई, मी गेलो तर घराचं काय हुईल सांगता येत नाय. सुमनच्या गटालाच राहू दे. लिहून टाका." त्यांचं ऐकून बाकीच्या चौघांनाही जोर चढला. प्रत्येकाला काही ना काही गावाला द्यायचं होतं. मला केवढा आनंद! एका सकाळी पाच इच्छापत्रं! मसुदे तयार केले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणल्या. आणि साक्षीदार? संस्थेचं माणूस चालत नाही. मग काय, कट्टाच होता की! याच्या कागदावर त्यांनी सही केली, त्यांच्या कागदावर यानं. तात्यांचे साक्षीदार झाले कुलकर्णी आणि अन्वरभाई शेख. कुलकर्णी पोस्टातले, अन्वरभाई गंज पेठेतले जुने शिंपी, निवृत्त होऊन मुलाकडे वारज्याला आलेले. कट्ट्यावरच्या प्रत्येकाच्या अंगातला शर्ट अन्वरभाईंनी शिवलेला. सह्या झाल्यावर सगळ्यांनी जिलबी खाल्ली. डॉक्टरांच्या चिठ्ठीत साखरेबद्दल काही लिहिलं नव्हतं.

मी मिरवत मिरवत ऑफिसात आले आणि पाचही पाकिटं मेधाताईंसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, एकेक कागद पाहिला.

"शालूताई, या साक्षीदारांची वयं काय?"

"कुलकर्णी एक्क्याऐंशी. अन्वरभाई अठ्ठ्याहत्तर. पण प्रकृती ठणठणीत हो!"

"आणि निवंगुणे?"

"शहात्तर."

मेधाताईंनी चष्मा काढला. "साक्षीदाराचं काम कधी सुरू होतं? इच्छापत्र करणारा गेल्यावर. म्हणजे साक्षीदार जगायला हवेत. तुम्ही साक्षीदार आणलेले नाहीत शालूताई, सहप्रवासी आणलेत."

मी हसले. मग माझं हसू ओठांवरच राहिलं. एवढी साधी गोष्ट, मला कशी सुचली नाही? मला फक्त दिसलं होतं की मित्र मित्रासाठी सही करतोय, किती छान!

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गेले. आता हे सांगायचं कसं? "तुम्ही लवकर जाणार, म्हणून तुमच्या सह्या नकोत"? आडून आडून बोलले. चौघांना लगेच कळलं, कुलकर्णी तर खदखदून हसले. म्हणाले, "वहिनी, सरळ सांगा की, आमची वॉरंटी संपली!" त्यांनी आणि दुसऱ्या दोघांनी सोसायटीतली तरुण जोडपी धरून नवे कागद केले. अन्वरभाईंनी आपल्या जावयाचे दोन मित्र पकडून आणले. राहिले तात्या. ते काही हलेनात.

"ताई, चाळीस वर्षांचे दोस्त हायेत माझे. त्यांची सही रद्द करून कुण्या पोराची घेऊ? कट्ट्यावर तोंड कसं दावू?"

"अहो तात्या, त्यांनीच तर हसून..."

"ते हसले. मला नाय हसू येत."

आणि मी गप्प बसले. पुन्हा विषय काढू, आता नको, माणूस दुखावलाय, असं म्हणून. आपल्याकडे म्हण आहेच, भीड भिकेची बहीण. ती मी दुसऱ्यांना हजारदा ऐकवली असेल.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. आधी कुलकर्णी गेले, झोपेतच. अन्वरभाईंना विसरायला व्हायला लागलं, त्यांची मुलगी शबाना त्यांना परत गंज पेठेत स्वतःकडे घेऊन गेली. कट्टा विस्कटला. मग एका पहाटे तात्या गेले.

तेरावा झाला आणि आठवड्याभरात सुमनचा फोन. रडत नव्हती, चिडली होती.

"ताई, संपतनं गिरणीला कुलूप घातलंय. भात घरात हाय, गिरणी हाय, अन् मधी कुलूप हाय. आता आम्ही काय करावं?"

संपत तात्यांचा पुतण्या. गावातच राहतो, दुधाचा धंदा, म्हशी तात्यांच्याच घरामागच्या गोठ्यात. तात्यांची शेतीही तोच बघायचा, आजारपणात पुण्याला फेऱ्याही त्यानंच मारलेल्या. त्याचं म्हणणं सरळ होतं, इच्छापत्र खोटं आहे. काकानं असं काही केलं असतं तर मला सांगितलं असतं. आणि खरं तर, पाणी दिसणारं अंगण म्हटल्यावर फार्महाऊसवाले दलाल त्याच्या दारात येऊन बसलेच होते.

दिवस मळणी होऊन गेल्यानंतरचे. बायकांनी पुण्यातल्या गिऱ्हाइकांना संक्रांतीआधी तांदूळ द्यायचा शब्द दिलेला. गिरणी बंद म्हणजे पुन्हा डोक्यावर भात आणि दोन डोंगर. आणि एकदा घर विकलं गेलं की गिरणी उभी करायला दुसरी जागा त्या गावात नव्हती. सुमन म्हणाली, "पोरींना मीच घराबाहेर काढलं ताई, कामाला या म्हणून. आता त्यांना काय सांगू, परत घरी बसा?"

मी मेधाताईंकडे गेले. त्या ओरडतील म्हणून तयारीत गेले होते, पण ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट वाटलं.

"कोर्टात जाता येईल," त्या म्हणाल्या. "साक्षीदार नसला तर सही ओळखणारं माणूस आणून सिद्ध करता येतं. पण त्याला काळ जाईल. तोवर कुलूप. एक साक्षीदार आहे ना जिवंत?"

"आहे. पण त्यांना काही आठवत नाही."

"म्हणजे आहेत आणि नाहीत."

"मेधाताई, मी संपतलाच अन्वरभाईंकडे घेऊन जाते. त्याला समोर बसवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्यालाच तुम्ही आपल्या साक्षीदाराच्या घरी चहाला नेताय? आणि साक्षीदाराला काही आठवत नाही, हे माहीत असून? कायद्यात याला शब्द नाही. पेठेत आहे, पण मी तो वापरत नाही."

मी तरी नेलं. का, ते विचारू नका. कागदाची भाषा माझ्या हातून एकदा चुकली होती, म्हणून असेल. माणसांची तरी बोलून बघू, असं वाटलं.

संपत यायला तयार झाला तो मला खोटं पाडायला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, खिशात हात घालून बसलेला. रिक्षात तो एका कडेला, सुमन दुसऱ्या कडेला, मध्ये मी. अशी ती वरात गंज पेठेत पोचली.

शबानानं चहा आणि खारी आणून ठेवली. अन्वरभाई खिडकीजवळ बसलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, कॉलर ताठ. मला बघून म्हणाले, "या या! कुणाच्या घरचं लग्न काढलंत?" त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

मी इच्छापत्राची प्रत त्यांच्या हातात दिली. "अन्वरभाई, ही सही बघा बरं. तुमचीच ना?"

त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. बोट सहीवरून फिरवलं.

"नाही."

"अहो, नीट बघा ना."

"नीटच बघतोय. इतकी वाकडी सही माझी नसते. शिंप्याचा हात आहे वहिनी, रेघ चुकायची नाही."

संपतनं खिशातून हात काढला. त्याच्या चेहऱ्यावर 'बघा' असं लिहिलेलं होतं. सुमननं पदर तोंडाला लावला. मीच माझ्या हातानं संपतला पुरावा आणून दिला होता की सही खोटी आहे!

खारी कुणी उचलेना. अन्वरभाईच म्हणाले, "घ्या ना, गार होईल चहा." मग त्यांची नजर संपतवर गेली आणि तिथंच थांबली. डोक्यापासून कमरेपर्यंत त्यांनी त्याला मापात धरला.

"उभा राहा रे."

संपत गोंधळून उभा राहिला.

"डावा खांदा अजून खालीच. दुधाच्या किटल्या एकाच हातात धरतोस ना? लग्नात तुझा कोट शिवला, तेव्हा आत कापूस घालून खांदा वर केला होता मी. तात्याचा पुतण्या तू. काय नाव... संपत."

संपतचा हात आपसूक डाव्या खांद्यावर गेला. शेवटी म्हणाला, "हां."

"तात्या आला नाही?"

शबाना हळूच म्हणाली, "अब्बा, तात्या गेले ना." त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि ते वाक्य बाजूला ठेवून दिलं, जसं एखादं कापड नंतर बघू म्हणून ठेवतात. आठवण कुठली राहील आणि कुठली जाईल, याला नियम नाही हो.

"तुला सांगितलं का त्यानं शेवटी?" त्यांनी संपतला विचारलं.

"काय?"

"घराचं. बायांना देतोय म्हणून. रोज माझं डोकं खायचा बागेत. अन्वर, संपतला कसं सांगू? पोरगं माझं एवढं करतं, दुखावेल. मी म्हटलं, अरे मग शेतीचा तुकडा त्याला लिहिलायस ना? तसं सांग की. पोरगा खाणार आहे का तुला? तर म्हणे, उद्या सांगतो. रोज उद्या! भित्रा लेकाचा."

खाली रस्त्यावर एक टेंपो नुसता हॉर्न देत उभा होता. संपत कधीतरी खाली बसला होता. शेतीचा तुकडा त्यालाच लिहिलेला आहे, हे इच्छापत्रात पहिल्याच पानावर होतं. त्यानं ते वाचलंच नव्हतं, खोटं म्हणून बाजूला सारलं होतं. पण मला वाटतं, त्याचं शेतीकडे लक्षही नव्हतं.

"माझ्यापाशी धा मिनिटं बोलला असता," तो म्हणाला, "दवाखान्यात रातभर बसायचो मी. तवा तरी सांगायचं."

"भीत होता रे," अन्वरभाई म्हणाले. "चहा पी."

संपतनं चहा प्यायला. गारच झाला होता.

परतीच्या रिक्षातून स्वारगेटला उतरता उतरता त्यानं खिशातून किल्ली काढली, सुमनच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "उद्या गिरणी चालू करा. मागचा गोठा तेवढा माझ्याकडं राहू द्या, म्हशी कुठं नेऊ?" गोठ्याचं आम्ही नंतर गटाकडून रीतसर लिहून दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण एक सांगतो ताई. काकाच्या नावाची पाटी घरावर लावायची नाय. त्यानं मला सांगितलं नाय, मी बी गावाला सांगणार नाय."

आम्ही पाटी लावली नाही. गिरणी चालते आहे, तांदूळ येतो आहे, आणि घरावर नाव कुणाचंच नाही. नवे कार्यकर्ते विचारतात, दात्याचं नाव का नाही? मी म्हणते, ते घरचं भांडण आहे, त्याचा मान ठेवायचा असतो. गावाला सगळं माहीतच आहे. संपत सकाळी दूध काढून झालं की अंगणातूनच जातो, पण गिरणीच्या दाराकडे बघत नाही. सुमन त्याला हाक मारते, तो हात वर करतो. एवढंच. मेधाताई म्हणतात, "जिंकलात." मला तसं वाटत नाही. तात्यांना मी कागदाचं सगळं विचारलं होतं: घर कुणाचं, वाटणी झाली का, डॉक्टर कोण. संपतला सांगितलंत का, एवढं एकच विचारायला जीभ उचलली नव्हती. कागद मेधाताई कशाही उभा करतील हो. त्या दवाखान्यातल्या रात्री मात्र कुणालाच परत आणता येत नाहीत.

त्यानंतर नोकरीत होते तोवर मी एक नवा नियम पाळला, आणि आता निवृत्त झाल्यावरही पाळते. इच्छापत्राचं विचारायला कुणी आलं की पहिला प्रश्न घराचा नाही, सोन्याचा नाही. "हे कळल्यावर वाईट कुणाला वाटेल?" असा. लोक चुळबुळतात. मग एक नाव सांगतात. बहुतेक वेळा ते नाव अशाच माणसाचं असतं, ज्यानं त्यांचं सगळ्यात जास्त केलेलं असतं.

तुमचंही एक असेल असं नाव. मला सांगू नका, मला काय करायचंय? पण पुन्हा एकदा या माझ्याकडे, याच महिन्यात या. पोहे करीन, कागद मी देईन, दोन तरुण साक्षीदार आमच्या सोसायटीत आहेत, धावणारे आहेत रोज सकाळी. एकटे मात्र येऊ नका. ज्याला सांगायचं राहिलंय, त्याला घेऊन या.